गंधाराची रुंदी

३ जुलै

ग पुन्हा आक्रसला.

काल संध्याकाळी काफी रागातल्या स्तवनाच्या ओळी नीट बसवून ठेवल्या होत्या. आज उघडते तर कोमल ग अंग चोरून उभा, तिघांच्या सीटवर मधे सापडलेल्या माणसासारखा. खालची आडवी रेघ, जिच्या जिवावर तो कोमल म्हणवतो, तीही मधे खचलेली.

सरगम लिहायच्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वराला आपली चौकट असते. सा किती रुंद, नि किती रुंद, डावीकडे किती मोकळं सोडायचं, उजवीकडे किती. चौकटींच्या वर मात्रांचे आकडे, खाली गाण्याचे शब्द. एक स्वर सरकला की त्याच्यामागे सगळी वरात. ग ची रुंदी वाढवली. बरा दिसला.

मंदारला तक्रार पाठवली. हा पुण्याचा गृहस्थ एकट्याने हे सॉफ्टवेअर लिहितो आणि आम्हा पेटीवाल्या बायांच्या शिव्या खातो. उत्तर आलं : "ताई, ग ची रुंदी अचूक आहे. मी तपासली." मी लिहिलं, "पुण्यात असेल. रिसोडात कमी भरते."

पुस्तक पर्युषणाआधी व्हायला हवं. आमच्या जैन महिला मंडळातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी असलेल्या चाली पहिल्यांदाच कागदावर येतायत. अध्यक्ष पुष्पाभाभींनी गावभर सांगून ठेवलंय. मला विचारायच्या आधी.

५ जुलै

ग सुधारला तर म रुसला. आता म बारीक दिसतो. मंडळात एकीला खुर्ची दिली की दुसरीचे गुडघे दुखायला लागतात, तसं.

म ला जागा दिली. तीव्र म च्या डोक्यावरची उभी रेघ मात्र वाकलेलीच. मोठं करून पाहिलं तर आणखी वाकडी. मोठं केल्यावर दोष दिसतो, हे माणसांबाबत माहीत होतं.

शेठ जेवताना म्हणाले, "दिवसभर त्या पडद्यात तोंड घालून काय पाहून राह्यतं वं?"

"म वाकडा आहे."

"मंग राहू दे ना वाकडा. मार्केटात अख्खे माणसं वाकडे हायेत, मी सांभाळूनच घेतो ना?"

शेठ म्हणजे नवरा. अडत दुकानात सगळे शेठ म्हणतात, मीही त्यांना रोजनिशीत तेच म्हणते. तोंडावर म्हटलं तर फुगतील.

साप्ताहिकाचा लेख दिला. खड्ड्यांवर. दर पावसाळ्यात एकदा लिहिते, खड्डे तेच असतात, नुसता नगराध्यक्ष बदलावा लागतो.

८ जुलै

प. नंतर ध. मग नि. सगळ्यांची रुंदी वाढवून झाली. ज्याच्याकडे बघावं तोच आक्रसतो. ज्याच्याकडे बघत नाही तो ठीक असतो. विचित्र.

मंदारला सगळे नवे आकडे पाठवले. अपेक्षा भांडणाची होती. दुपारी फोन आला. "ताई, इतक्या बारकाईने कोणीच बघत नाही हो. तुमच्या डोळ्याला मानलं पाहिजे. मी तुमचे आकडे नव्या आवृत्तीत घालतो."

बाई, म्हणजे मी, फुगल्या. शेठला सांगितलं. "म्हणजे आता महाराष्ट्रात जो कोणी सरगम छापेल तो माझ्या मापाने."

"वा. आता सोयाबीनचंही पाय जरा. तेही माह्या मापानं कोनी घेत नाई."

११ जुलै

तालमीत फजिती.

पहिल्या दोन स्तवनांच्या झेरॉक्स वाटल्या. सगळे स्वर रुंद केल्यामुळे ओळ कागदात मावत नव्हती. सोळावी मात्रा बिचारी प्रत्येक वेळी खालच्या ओळीत जाऊन पडली होती. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि आमच्या बायांची पिढीजात सवय अशी की ओळ संपली की श्वास घ्यायचा. कागदावरची ओळ. पंधरा मात्रा गायल्या, सगळ्यांनी मिळून खोल श्वास घेतला, मग उरलेलं एक अक्षर म्हटलं, मग सम. तबलेवाला समेवर पोचून बसलेला, बाया अजून श्वास घेतायत. देवाच्या नावाचं शेवटचं अक्षर प्रत्येक वेळी एकटं मागून धावत येत होतं.

"भाभी, हे काय गाताय?"

"तू जसं लिवलं तसं गाऊन राह्यलो बाप्पा. एक मात्राही आपल्या मनानं नाई टाकली. आता लिवणारीच चुकली तं आमी का करावं?"

हसून हसून पोट दुखलं. सगळ्या हसल्या. पण घरी येऊन पान पाहिलं. तेवढी ढोबळ गोष्ट मला दिसली कशी नाही? मी, जी दुसऱ्याच्या लेखातला सुटलेला अनुस्वार रस्त्यापलीकडून पकडते.

१३ जुलै

मंदारचा फोन. मीच करायला लावला. म्हटलं, ओळ कागदात बसत नाही, तुमच्याच हिशोबात खोट आहे.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी पानावर ग्रिड टाकून पाठवतो. उभ्या रेघा, सारख्या अंतरावर. कुठला स्वर कुठे सरकलाय ते तुम्हालाच दिसेल."

आलं. उघडलं. मी म्हटलं, "ही पाहा. तुमची ग्रिडच वाकडी आहे."

"कुठे?"

"मधे. ग च्या आसपास रेघा एकमेकींकडे ओढल्यात. थांबा, आता म च्या आसपास."

पलीकडून की-बोर्डची टकटक ऐकू आली.

"ताई, ग्रिड वाकडी नसते. म्हणजे, असूच शकत नाही. दोन टोकांमधली सरळ रेघ आहे ती, मशीन काढतं. स्वर सरकतील, ग्रिड नाही सरकणार."

"मग मला वाकडी का दिसते?"

"स्क्रीन जुना असेल," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

फोन ठेवला. स्क्रीनवर पट्टी लावली. रेघेला चिकटून बसली, वरपासून खालपर्यंत. आणि पट्टीही वाकली.

१४ जुलै

उजवा डोळा लहानपणापासून नावापुरता. चष्मा लावूनही त्याला धुकंच. सगळं वाचन, लेखन, टोमणे मारायला माणूस हेरणं, सगळं डाव्यावर. डावा हाताने झाकला आणि उजव्याने ग्रिड पाहिली.

धूसर. पण सरळ.

डावा उघडला. वाकडी.

एवढं लिहिलं आणि पेन ठेवलं होतं. पुन्हा उचललंय. स्वर नव्हते आक्रसत. मी जिथे बघते ती जागा आक्रसते. नजर ज्याच्यावर ठेवावी तोच. म्हणून आधी ग, मग म, मग प. अख्खं सप्तक मी माझ्या डोळ्याच्या मापाने फुगवून ठेवलं.

कोणाला सांगितलं नाही.

१५ जुलै

दाराची चौकट. वाकडी. न्हाणीघरातल्या फरशा. मधली लहान. शेजारच्या गच्चीवरचा तारेचा खांब, त्याला कंबर आली आहे.

पुष्पाभाभी आल्या होत्या पुस्तकाचं विचारायला. त्यांचं नाक बारीक दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा. हसू अर्धंच आलं. मी त्यांच्या कानाकडे बघत बोलत राहिले, म्हणजे निदान चेहरा जागेवर राहतो.

"काय वं, कोनाशी बोलून राह्यली? मी हिकडे हाये."

१६ जुलै

साखर आहे मला, आठ-नऊ वर्षं झाली. गोळ्या घेते, बहुतेक वेळा. गोड सोडलंय, बहुतेक वेळा. डोळे दरवर्षी तपासा असं सांगितलेलं. मी म्हणायचे, माझा डोळा सगळ्या जिल्ह्याला पुरून उरतो, त्याला काय तपासायचं.

आता रोज सकाळी उठल्यावर डोळे उघडायची भीती वाटते. मिटलेले असतात तोवर काही बिघडलेलं नसतं. शेठ चहा ठेवतात, भांड्यांचा आवाज येतो, मी पडून राहते. मग आधी उजवा उघडते. मग हळूच डावा. मग खिडकीचे गज.

आज गज कालपेक्षा जास्त वाकले होते का? आठवत नाही. कालचा वाकडेपणा लक्षात ठेवायचा तरी कसा. लिहून ठेवता येत नाही, चित्र काढून ठेवावं तर काढलेलंही वाकडंच दिसणार.

फोनवर शोधलं. दोन ओळी वाचल्या, बंद केलं.

पेटीवर बसले. पट्ट्या बघायची गरज नसते, बोटं जातात. पण आज पहिल्यांदा बोटांना भीती वाटली. काफी वाजवला. ग लावताना डोळे मिटले. मिटल्यावर तो होता तसाच होता.

साप्ताहिकाला लेख नाही दिला. संपादकांना कळवलं, ताप आहे.

१८ जुलै

पकडले गेले.

सकाळी खिडकीपुढे उभी. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. मागे शेठ.

"मी कधीचा पाहून राह्यलो. खिडकीले सलाम ठोकून राह्यली काय?"

"काही नाही. कचरा गेला."

"रोजच्या रोज? कचराही येळेवर येते म्हणा तुह्या डोयात."

चेष्टेने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. शेठ जवळ आले. वीस-बावीस वर्षांत मला शब्द सुचला नाही असं त्यांनी बघितलं नसावं, घाबरलेच ते.

"काहून वं? बोल ना."

सांगितलं. ग पासून सुरू केलं, त्यांना काय कळलं असेल देव जाणे. शेवटी म्हटलं, "तुमचा चेहराही मधे बारीक दिसतो."

शेठ खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तं वाशीमले जाऊ. आत्ता." दुकानात फोन केला. पोत्यांबद्दल बोलत होते, ओलावा किती, चाळणी कोणती. आवाज नेहमीचा. पण बोलताना फोन उलटा धरला होता.

१८ जुलै, संध्याकाळ

एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. मी रस्त्याचे खड्डे बघितले नाहीत. दोन्ही डोळे मिटून बसले होते.

डॉक्टरीणबाई तरुण, हळू बोलणाऱ्या. डोळ्यात थेंब घातले, अर्धा-पाऊण तास बसवलं, मग कपाळाला दिवा लावून आत बघितलं. बराच वेळ. आधी काहीतरी बोलत होत्या, मग बोलेनाशा झाल्या. तिथे मला कळलं.

मग एक चौकटींचा कागद दिला. मधे काळा ठिपका. "यावर बघा आणि कुठे वाकडं दिसतं ते सांगा."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी दोन आठवडे हेच काम करतेय. फक्त माझ्या चौकटींत सरगम असते."

हसल्या नाहीत. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध सूज आहे म्हणाल्या. साखरेमुळे. अकोल्याला मोठं मशीन आहे, स्कॅन होईल, मग डोळ्यात इंजेक्शन. एकाने होत नाही. उशीर करू नका.

"पूर्ववत होईल?"

"आहे तेवढी दृष्टी टिकवणं पहिलं. सुधारलं तर आनंदच. आताच सांगता नाही येणार."

शेठ म्हणाले, "मॅडम, दुसरा डोया तं हाये ना तिले."

बाईंनी कागद चाळला. उजव्याबद्दल लिहिलेलं वाचलं. मान हलवली, कोणत्या बाजूला ते थेंबांमुळे दिसलं नाही.

घरी येईस्तोवर दिवस बुडाला, जेवण राहिलं. साखरवाल्या बाईने उपाशी झोपू नये असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सूर्यास्तानंतर आमच्याकडे कोणी पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही. शेठ स्वयंपाकघरात गेले, दुधाचा पेला आणून पुढे ठेवला. मी प्यायले.

२० जुलै

बातमी फुटली. शेठच्या दुकानातून गावभर.

बाया येतात, हात धरतात, रडतात. एक जण म्हणाली, "गळा तं देवानं ठेवला ना!" आंधळी गाणारी बाई लोकांना फार आवडते. हार घालायला बरी पडते, हार कोणी घातला ते दिसत नाही. हे त्या बाईला बोलून दाखवलं नाही. म्हणजे मी खरोखर आजारी आहे.

पुष्पाभाभी (यापुढे पु.भा.) रडल्या नाहीत. मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक पुढल्या वर्षी काढू. काई जीव जाऊन राह्यला काय?"

"नाही. याच वर्षी."

"काहून? येवढी काय घाई वं तुले?"

मी पानं जुळवत बसले. त्यांना कळलं असावं. उठून मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरात, माझ्याच माठातलं.

पुढल्या वर्षी मला पान दिसेल का, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही. माझ्याही.

२१ जुलै

मंदारला सांगणं भाग होतं. त्याची नवी आवृत्ती निघून गेलीये. माझे आकडे घेऊन.

सांगितलं. स्पष्ट, एका दमात, नाटक न करता. तो मग म्हणाला, "ताई, तुम्ही आधी डोळ्याचं बघा. बाकी मी बघतो."

"लोकांच्या तक्रारी आल्या असतील."

"नाही." थांबला. "खरं सांगू? दोघांनी कळवलंय की नवीन अंतरं छान मोकळी वाटतात."

म्हणजे कुठेतरी कोणीतरी माझ्या सुजलेल्या पडद्यातून सरगम वाचतंय आणि खूश आहे. एरवी यावर चार लेख काढले असते. आज एकही नको वाटतो. किती सहज चालून जातं. मला सोडून कोणालाच काही वाकडं दिसलं नाही, आणि वाकडी फक्त मीच होते.

मूळ आकडे परत घालतो म्हणाला. माझं पुस्तकही त्या आकड्यांवर लावून देतो. "तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

फक्त एकदा नजर टाका. म्हणून गेला आणि मग घाईघाईने फोन ठेवला.

२४ जुलै

अकोला. पातूरच्या घाटात वळणं मोजत बसले. आकडा आठवत नाही.

रांगेत सगळ्यांच्या कपाळावर चिकटपट्ट्या, कोणता डोळा ते लिहिलेल्या. शेठ पुन्हा पुन्हा माझी पट्टी वाचत होते. शेवटी नर्सला म्हणाले, "डावाच ना? पक्कं डावाच? उजव्यात देऊ नका बरं, तो कामाचा नाई."

शेजारी आसेगावकडचे एक आजोबा. "बाई, तुमचा कितवा डोस?"

"पहिला."

"माहा पाचवा. सुई येतानी दिसते थोडीशी. मंग सवय होते."

"सुधारलं का?"

"नातीचं लगन पायलं ना." एवढंच बोलले. सुधारलं म्हणून पाहिलं की नजर जायच्या आधीच पाहून घेतलं, विचारायचा धीर झाला नाही.

आत. निळं फडकं, त्याला एक भोक, भोकात माझा डोळा. वर बघा. आणखी वर. हलू नका. सुई दिसली नाही, तिची सावली दिसली. मग डोळ्यात आतून शाई सांडल्यासारखं काळं काही तरंगत गेलं. ओरडले नाही. तबलेवाला ठेका धरतो तशी डाव्या पायाची बोटं आपोआप हलत होती. डॉक्टर म्हणाले, "पाय नका हलवू." मात्रा अर्धवट सोडली.

बाहेर शेठ. माझा हात धरून ठेवला, भर दवाखान्यात, लोकांसमोर. यांनी लग्नातही धरला नव्हता, भटजींनी धरायला सांगितला तेव्हा दोन बोटं दिली होती.

२७ जुलै

काळं तरंगणारं विरलं. ग्रिड बघू नका म्हणून कोणी सांगितलेलं नाही, तरी बघितली नाही. तीन वेळा कॉम्प्युटरपर्यंत गेले.

शेठ विचारतात, "आज कसं?" मी म्हणते, "तसंच." पुढचं इंजेक्शन महिन्याने. महिना हा शब्द इतका लांब आहे हे माहीत नव्हतं.

संपादकांचा निरोप : ताप उतरला असेल तर लेख द्या. लिहायला बसले. डोळ्यांवर विनोद सुचतात, दुसऱ्या कोणावर एकही नाही.

३० जुलै

मंदारने अख्खं पुस्तक लावून पाठवलं, मूळ आकड्यांवर. पु.भा., आणखी दोघी आणि तबलेवाला आले. छापून काढलेलं पान त्यांच्या हातात दिलं, मी पेटीवर. म्हटलं, पान जसं आहे तसं गा, मला सांभाळून घेऊ नका.

गायल्या. श्वास ओळीच्या शेवटी, शेवट समेच्या आधी, सम समेवर. तबलेवाल्याने मान डोलावली असं पु.भा.नी सांगितलं.

"झालं ना वं? आता छाप म्हन."

बाया गेल्यावर पान घेऊन खिडकीशी बसले. भर दुपारचा उजेड. डाव्याने पाहिलं. ग बारीक आहे. थोडा कमी बारीक? की मला तसा हवाय म्हणून? डोळा बरा होतोय की डोळ्याला खोटं बोलायची सवय लागतेय, हे ठरवायला माझ्याजवळ याच डोळ्याशिवाय दुसरं काही नाही. उजव्याने पाहिलं. धुकं.

जे पान मला वाकडं दिसतंय त्याखाली बरोबर आहे म्हणून सही करायची. मी, जिने आजवर कोणाची ओळ तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही.

मंदारला लिहिलं : "छापायला द्या." पाठवलं.

शेठ आतून, "पाठवलं काय वं?"

"हो."

पान पुन्हा उघडलं. शेवटच्या ओळीत नि आणि सा यांच्या मधे जागा जरा जास्त दिसतेय. असेल किंवा नसेल. विचारायला फोन हातात घेतला. मंदारचं नाव दिसेस्तोवर डोळ्यांपुढे धरला.

न लावता खाली ठेवला.